पिल्लं नसलेली जात

संग्रहालयात तिला सगळे शिंपलेबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘शिंपलेबाई’. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नसे. गेली सव्वीस वर्षं ती तळघरातल्या एका खोलीत बसून समुद्रातले बारीक शिंपले निवडत होती. बारीक म्हणजे किती, तर मोठ्यात मोठा मसुराएवढा आणि धाकटे तिळाहून लहान. किनाऱ्यावर फिरणारी माणसं त्यांना वाळू समजून तुडवतात. बाई ती वाळू चाळणीतून धुवायची, मायक्रोस्कोपखाली पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक शिंपला उचलून ज्याच्या त्याच्या कुपीत टाकायची. शिंपल्याच्या दोन झडपा जिथं जोडलेल्या असतात तिथं बिजागरी असते, बिजागरीवर दात असतात. जात ओळखायची ती त्या दातांवरून. रंग फसवतो, आकार फसवतो, दात सहसा फसवत नाहीत.

एवढ्या वर्षांत तिनं स्वतः एकाही नव्या जातीला नाव दिलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या भुंगेरेवाल्यानं चाळीसेक जाती आपल्या नावावर लावल्या होत्या, त्यातल्या दोन तर सासूच्या नावानं. “बाई, तुमचा पाळणा कधी हलायचा?” असं तो जिन्यात भेटला की विचारायचा. बाई हसायची, पण ते तिला लागायचं. हा सगळा सरांचा दोष, असं ती म्हणायची. सरांनीच तिला हे काम शिकवलं होतं आणि त्यांचं एकच पालुपद असे: “नाव द्यायची घाई करू नकोस. छापलेलं नाव नंतर कुणाला पुसता येत नाही.” नियमच होता तसा. चुकीचं ठरलेलं नावसुद्धा यादीत राहतं, खऱ्या नावाच्या खाली, कुणी दिलं आणि कोणत्या साली दिलं यासकट.

बाईची धाकटी बहीण दोन तासांवर एका खाडीकाठी राहायची. तिचा नवरा तिथल्या गोदीत जहाजांचे तळ रंगवायचा. घरीदारी सगळे त्याला रंगारीच म्हणत. मोठा हौशी माणूस. एका रविवारी तो बाईच्या घरी आला तो खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढतच.

“ताई, हे बघा बरं. तुमच्या कामाचं आहे का?”

डबीत ओल्या कापसावर सात शिंपले होते. मसुराएवढेच, पण चपटे नाहीत. टुम्म फुगलेले, जवळजवळ गोल.

“कुठं सापडले?”

“जहाज पाण्यात सोडायचा उतार आहे ना, त्याच्या खाली. ओहोटीला चिखल उघडा पडतो. जेवायच्या सुट्टीत तिथं टेकलो होतो, तर पायाखाली करकर वाजलं.”

बाईनं एक शिंपला उघडून भिंगाखाली धरला. उजव्या झडपेवर दोन दात हवेत तिथं एकच होता, आणि तोही वाकडा. असा दात तिनं आजवर पाहिला नव्हता.

पुढचे आठ महिने तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं तळघरातले खण पालथे घातले, तीन परदेशी संग्रहालयांना पत्रं लिहिली, पोस्टानं नमुने मागवले, जुन्या पुस्तकांतली चित्रं भिंगाखाली धरली. कशाशीच मेळ बसेना. रंगारी दर पंधरा दिवसांनी आणखी डबी आणून द्यायचा. शेवटी तिनं वर्णन लिहिलं, दोन जाणकारांनी ते तपासून मान्य केलं, आणि ते छापून आलं. एका शिंपल्याला मूळ नमुना म्हणून लाल चिठ्ठी लागली आणि तो पोलादी कपाटात गेला. जातीला तिनं रंगाऱ्याचं नाव दिलं, मागं लॅटिनचं शेपूट जोडून.

फोनवर हे सांगितलं तेव्हा रंगाऱ्यानं ते नाव तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाला, “ताई, लॅटिनमध्ये मी कसा दिसतो हो?”

“जरा लांब दिसता.”

त्यानं ते पान चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं. गोदीतले लोक त्याला ‘आला बघा शिंपला’ म्हणायला लागले आणि त्यालाही ते आवडायला लागलं. इकडं संग्रहालयाचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी ठरवलं की या शिंपल्याचा माणसाएवढा फोटो प्रवेशाच्या नव्या दालनात लावायचा. भुंगेरेवाल्यानं जिन्यात बाईला वाकून सलाम केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला तळघरातून वर येताना पायऱ्या कमी वाटल्या.

छापलेला अंक घेऊन ती सरांकडे गेली. सरांची नजर आता गेल्यातच जमा होती. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. बाईनं त्यांना सगळं वर्णन मोठ्यानं वाचून दाखवलं, मोजमापांसकट. सर खुर्चीच्या हातावर बोटानं ताल धरून ऐकत होते.

“किती नमुने पाहिलेस?”

“एकशे चाळीस, सर.”

“सगळ्यात लहान केवढा?”

“साडेतीन मिलिमीटर.”

“आणि मोठा?”

“चारच्या थोडा वर.”

सरांचं बोट थांबलं. 

“म्हणजे सगळे म्हातारे,” ते म्हणाले. “अगं, जात आहे ना ती? मग पिल्लं कुठायत?”

बाईनं उत्तर दिलं. रंगारी हातानं वेचतो, हाताला मोठेच लागणार, पिल्लं चिखलात राहून जाणार. सर “असेल, असेल” म्हणाले आणि त्यांनी विषय बदलून तिच्या गुडघ्याची चौकशी केली. पण परतीच्या बसमध्ये तिला तो प्रश्न जाम सोडेना. आठ महिने आपण दात मोजले, आणि हे एवढं साधं आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

पुढच्याच आठवड्यात ती सगळ्यात बारीक चाळणी घेऊन खाडीवर गेली. रंगाऱ्याची सुट्टी होती. तो बूट चढवून बादली घेऊन बरोबर आला. पाणी नुकतंच ओसरलं होतं. गोदीच्या उतारापासून पार खाडीच्या तोंडापर्यंत करडा चिखल उघडा पडला होता, गुळगुळीत, नुकत्याच सारवल्यासारखा. बाई काठावर थबकली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं, पण काय ते चटकन कळेना. मग कळलं. चिखलावर एकही भोक नव्हतं. खेकड्याचं नाही, किड्याचं नाही. एवढी ओहोटी आणि पक्षी एक नाही. आणि वास. चिखलाला वास असतो, कुजका, खारट, नाकात शिरणारा. हा चिखल कसलाच वास देत नव्हता.

“इथं असंच असतं का हो नेहमी?” तिनं विचारलं.

“कसं?”

“गप्प.”

रंगाऱ्यानं आजूबाजूला पाहिलं. रोजची जागा, माणूस कशाला पाहील? “पूर्वी बगळे असायचे खरे,” तो म्हणाला. “मागल्या दोन-तीन वर्षांत नाही बुवा पाहिले.”

दुपारपर्यंत त्यांनी एकोणीस बादल्या चिखल धुतला. फुगीर शिंपले एकशे बारा निघाले, त्यातले निम्मे रिकामे. साडेतीन मिलिमीटरच्या खालचा एकही नाही. बाईनं चाळणीतला उरलेला गाळसुद्धा पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगानं पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला. कंबर धरून उभी राहिली तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं. कुठल्याही जिवाच्या वस्तीत म्हाताऱ्यांपेक्षा पोरं जास्त असतात. इथं गेल्या काही वर्षांत एकही जन्मलेलं दिसत नव्हतं.

दालनातल्या फोटोसाठी साहेबांनी विद्यापीठातल्या मोठ्या यंत्राखाली नवं चित्र काढून घ्यायला सांगितलं होतं. बाईनं या शेवटच्या खेपेतला सगळ्यात स्वच्छ नमुना पाठवला. चित्र छापून आलं, चार माणसांनी ते दालनात उभं केलं, आणि कसं वाटतंय ते पाहायला तिला वर बोलावलं. मसुराएवढा शिंपला दरवाजाएवढा होऊन तिच्यासमोर उभा होता. तिची नजर खालून वर गेली, फुगवट्यावरून, थेट टोकापर्यंत. आणि तिथंच अडकली.

शिंपल्याच्या टोकावर त्याचं बाळपण शिल्लक असतं. पाण्यात तरंगणारं पिल्लू जो पहिला इवलासा शिंपला घालतं, तोच टोकावर बसलेला राहतो आणि बाकीचा त्याच्याभोवती वाढतो. बाई त्याला बाळशिंपला म्हणायची. आधीच्या सगळ्या नमुन्यांची टोकं झिजलेली होती. हे एकच शाबूत होतं. त्यावरच्या बारीक रेषा, मधली ती खोलगट खूण... हा बाळशिंपला तिनं हजार वेळा पाहिला होता. खाडीतला सगळ्यात साधा, सगळ्यात सामान्य, चपटा पिवळसर शिंपला. शिकाऊ मुलांना सरावासाठी देतात तो.

“काय बाई, डोळ्यांत पाणी आलं की काय?” साहेब कौतुकानं म्हणाले.

ती खाली गेली. त्याच खाडीतली सहा वर्षांपूर्वीची बरणी तिनं काढली. तीत साधे चपटे शिंपले खच्चून भरलेले होते, आणि तळाशी पिठासारखी पिल्लं. मग तिनं फुगीर शिंपल्यांपैकी एक राळेत बसवून करवतीनं मधोमध कापला आणि घासून गुळगुळीत केला. भिंतीच्या आतले थर दिसायला लागले. पहिल्या दोन वर्षांचे थर पातळ आणि घट्ट, वहीच्या पानांसारखे. आणि मग एका जागी, जणू कुणी खूण करून ठेवावी तसे, ते थर एकमेकांपासून सुटले होते. मधे पोकळ्या, पोकळ्यांत चिकट काहीतरी सुकलेलं. जीव आपलं घर बांधता बांधता चळला होता. त्या सुजेनं बिजागरी ढकलली होती आणि दात वाकवला होता. तिनं दुसरा शिंपला कापला, तिसरा कापला. सगळे त्याच जागी चळलेले, आणि त्यापुढं तीन वर्षांची वाढ. तीन वर्षांपूर्वी.

नवी जात वगैरे काही नव्हतं. तिनं एका दुखण्याला नाव दिलं होतं.

शनिवारी सकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटी स्वयंपाकघरात होती, रंगारी बाहेरच्या खोलीत शर्ट घालत होता. बाईनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रंगारी पलंगावर बसून ऐकत होता. भिंतीवर त्याच्या डोक्यामागंच ती चौकट होती.

“म्हणजे ते शिंपले आजारी होते?”

“हो.”

“आणि माझं नाव आजाऱ्याला दिलंत?” तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. “मग आता?”

“मला परत छापावं लागेल. नाव चुकलं म्हणून. ते यादीतून जाणार नाही, पण खाली जाईल.”

“जाऊ द्या खाली,” तो म्हणाला. “ताई, तीन वर्षं म्हणालात ना?”

“हो. का?”

तो उठला, स्वयंपाकघराकडे एकदा पाहून दार लोटलं, आणि बाईसमोर येऊन उकिडवा बसला.

“तीन वर्षांपूर्वी रंग बदलला आमचा. आधीच्या डब्यांवर कंपनीचं नाव असायचं, कशात काय मिसळायचं ते असायचं. हे डबे कोरे. नुसता एक आकडा. पण रंग असा जबर, ताई! एकदा मारला की तळाला काही म्हणता काही धरत नाही. शेवाळ नाही, कालवं नाही. कप्तान लोक खूश. आम्हीही खूश, खरवडायचं काम निम्म्यावर आलं.”

“आणि ब्रश, बादल्या कुठं धुता?”

“उतारावर. दुसरं कुठं?”

“शेडला खिडक्या?”

“बंद ठेवायला सांगतात. धूळ बसते म्हणे.” त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. “आम्ही सहा जण होतो. एकाचं नाक सारखं फुटायला लागलं, तो गावी निघून गेला. दुसरा काही न सांगताच काम सोडून गेला. मला तसं काही नाही. फक्त ही बोटं. आत्ता तुम्ही आलात तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. कधीचा लावत होतो, माहितीये? बटण बोटात आहे की नाही ते मला पाहिल्याशिवाय कळत नाही.”

बाईनं त्याचं बोट हातात घेतलं, नखानं टोचलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिनं आणखी जोरात टोचलं.

“टोचलंत का?” त्यानं विचारलं.

दार उघडलं. धाकटी उंबऱ्यात उभी होती, ओल्या हातांनी. तिनं सगळं ऐकलं होतं.

“कधीपासून?” तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं हात मागं घेतले. मग ती बहिणीवर उलटली. “तू कशाला आलीस, ताई? कागद बघ, शिंपले बघ, घरी जा. तीस माणसांची पोटं आहेत त्या गोदीवर. उद्या ते यांना म्हणतील, तूच ना रे डब्या भरभरून नेल्यास?”

“अगं, पण बोटं—”

“बोटं मी बघते!” धाकटी ओरडली. मग तिनं खुर्ची ओढली, त्याच्यापुढं बसली, आणि खाली मान घालून एकेक करत त्याच्या शर्टाची बटणं लावायला लागली. वरचं बटण लावून झाल्यावर तिचे हात तिथंच राहिले. मान वर न करता ती म्हणाली, “ताई, त्या रंगाची तपासणी कुठं करून मिळते?”

सोमवारी रंगाऱ्यानं कोऱ्या डब्यातल्या रंगात एक लाकडी पट्टी बुडवली, वाळवली आणि जेवणाच्या डब्याच्या खालच्या खणातून बाहेर आणली. बाईनं ती विद्यापीठातल्या ओळखीच्या प्रयोगशाळेत दिली आणि स्वतः साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, नुसता सावध होता.

“बाई, चूक कुणाची होत नाही? दुरुस्ती जरूर छापा. पण सावकाश, पुढल्या वर्षी. दालनाचं उद्‌घाटन पंधरा दिवसांवर आलंय. आणि दुरुस्तीत गोदी, रंग हे कशाला? आपलं काम शिंपल्यांना नाव ठेवायचं. लोकांना नावं ठेवायचं नव्हे.”

आपला विनोद साधला म्हणून ते स्वतःशीच हसले. 

“साहेब, नाव चुकलं एवढंच लिहिलं तर कुणीही विचारेल, शिंपला फुगला कशानं? ते मला ठाऊक असून मी लिहिलं नाही, तर ती दुसरी चूक होईल. आणि ती चूक म्हणता येणार नाही.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“तीन वर्षांत तिथं एकही पिल्लू नाही. एवढी आहे.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. “तुमच्या जबाबदारीवर,” ते म्हणाले. चार दिवसांनी दालनातला फोटो उतरवला गेला आणि तिथं भुंगेरेवाल्याचा एक भुंगेरा आला. भुंगेरेवाला मात्र त्या आठवड्यात बाईला जिन्यात काही बोलला नाही. एकदा तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेला, तेवढंच.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. पट्टीवर जे होतं ते जहाजांच्या रंगात घालायला कित्येक वर्षांपासून बंदी होती. बाईची दुरुस्ती दोन पानांची. तिनं आपण दिलेलं नाव आपल्याच हातानं खाली उतरवलं, कापलेल्या शिंपल्यांची चित्रं दिली, पट्टीचा अहवाल जोडला. सरांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “पहिल्यापेक्षा हे चांगलं लिहिलंयस.” मग म्हणाले, “पण मला भीती वाटते गं. शिंपला फुगायला दोन-तीन वर्षं लागली. माणसाचं किती वर्षांनी दिसतं, ते कोण मोजणार?”

पाण्याचं प्रदूषण पाहणाऱ्या खात्याचे लोक गोदीवर आले ते दुरुस्ती छापून आल्यावर अकराव्या दिवशी. तोवर शेड धुऊनपुसून लख्ख झाली होती. खिडक्या सताड उघड्या. कोरे डबे? कसले कोरे डबे? एकही नव्हता. मुकादमानं कानावर हात ठेवले. त्याच संध्याकाळी रंगाऱ्याला सांगण्यात आलं की उद्यापासून यायची गरज नाही.

“डबे गेले कुठं?” बाईनं फोनवर विचारलं.

“गोदीच्या बोटीत भरले. दोन खेपा झाल्या,” रंगारी म्हणाला. “कुठं नेले ते कुणी सांगत नाही. बोट डोंगराच्या सोंडेला वळसा घालून गेली एवढं मी घाटावरून पाहिलं. तासाभरात रिकामी परत आली.”

डॉक्टरांनी त्याच्या बोटांत सुया टोचून तारा लावल्या, आकडे पाहिले, आणि सांगितलं की संवेदना थोडी परत येईल, कदाचित. पुरती नाही. धाकटीनं बंदरावरच्या जाळी विणायच्या कारखान्यात काम धरलं. रंगारी सहा महिने घरात नुसता बसून होता. भिंतीवरची चौकट त्यानं काढली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “आजारी तर आजारी, आपला माणूस आहे.” मग बाईनं साहेबांना गाठलं आणि खाडीवरच्या नमुन्यांसाठी माणूस लागतो म्हणून त्याला मागून घेतलं. साहेबांनी सही करताना मान वर केली नाही, पण सही केली.

वर्षभरानं, एका उन्हाच्या सकाळी, दोघं डोंगराच्या सोंडेपलीकडच्या खाडीवर गेले. तिथं गोदी नव्हती, काही नव्हतं. आपली खाडी कशी होती ते कळायला शेजारची निरोगी खाडी पाहावी, असा बाईचा विचार. काठाशीच चिखलाचा वास नाकात शिरला आणि तिला बरं वाटलं. खेकड्यांची भोकं होती. बगळे होते, आठ-दहा. रंगाऱ्यानं दोन्ही तळव्यांत चाळणी धरली. आता तो बोटांवर भरवसा ठेवत नसे. पहिल्याच बादलीत पिल्लं निघाली. बाईनं ती ताटलीत घेऊन भिंग त्याच्या हातात दिलं.

“ही बघा. जिवंत आहेत.”

“हलतंय की!” रंगारी ओरडला. “एवढंसं असून पाय काढतंय बाहेर!”

ते हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकत गेले, दर वीस पावलांवर एक बादली. पाचव्या बादलीत पिल्लं कमी होती. सातवीत दोन होती.  तोंडापाशी, जिथून सोंडेचा काळा खडक सुरू होत होता, तिथं तिनं शेवटची बादली धुतली. चाळणीत वीसेक मोठे शिंपले उरले. तिनं एक चिमट्यात धरून उन्हाकडे वळवला. टोकापासून अर्ध्यापर्यंत तो चपटा होता, पिवळसर, नेहमीचा. आणि पुढं, कडेजवळ, चहूबाजूंनी बारीक सूज होती. नुकतीच सुरू झालेली.

तिनं चिमटा रंगाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्यानं पाहिलं आणि खडकाकडे मान वळवली. खडकाच्या पायथ्याशी पाणी खोल आणि हिरवं होतं. ज्या बाजूला बोट वळली होती ती हीच.

तिथून थोड्या अंतरावर गुडघाभर पाण्यात चार बाया वाकून शिंपले काढत होत्या, मोठे, खायचे. त्यांच्या बादल्या भरत आल्या होत्या. एक मोठ्यानं काहीतरी बोलली आणि बाकीच्या हसल्या.

“ताई,” रंगारी हळू आवाजात म्हणाला, “आधी कापून बघायचं ना? खात्री करून?”

बाईनं शिंपला कुपीत टाकला, चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहिली, बूच घट्ट लावलं. खात्री करायला वेळ लागणार होता, आणि त्या बायांना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, ते तिला सुचत नव्हतं. तिनं चाळणी खाली ठेवली, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पाण्यात शिरली. सगळ्यात जवळच्या बाईनं कंबर सरळ केली आणि डोळ्यांवर हात धरून ही कोण येतेय ते पाहायला लागली.